चेकलिस्ट पूर्ण असूनही जहाजावर माणसं का जखमी होतात?

एका जहाज अधिकाऱ्याने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चीफ ऑफिसर (कॅप्टननंतरचा अधिकारी) म्हणून पहिलंच जहाज, सेफ्टी ऑफिसरची जबाबदारीही त्यांच्याकडेच. कामाचं परमिट, रिस्क असेसमेंट (धोक्याचा अंदाज), चेकलिस्ट सगळं वेळच्या वेळी भरलेलं. ऑडिटमध्ये एक शेरा नाही. तरीही हॅच कव्हर (मालाच्या कोठाराचं झाकण) बंद करताना एका एबीची (कुशल खलाशाची) दोन बोटं चिरडली. ते विचारतात, आता नेमकं कुठे लक्ष घालू?

पहिली विनंती: नवा फॉर्म काढू नका. अपघात झाला की ऑफिसातून आणखी एक चेकलिस्ट येते, ती फाइलला लागते आणि काम पूर्वीसारखंच चालू राहतं. तुमच्या जहाजावर कागद कमी पडलेला नाही. कागद जिथे भरला जातो आणि काम जिथे होतं, या दोन जागा एकमेकींपासून लांब गेल्या आहेत. माझ्या मते जहाजावरची सुरक्षितता एकाच गोष्टीवरून ओळखावी: डेकवरच्या सगळ्यात कनिष्ठ माणसाने 'थांबा' म्हटलं, तर काम खरोखर थांबतं का? याचं उत्तर 'हो' असेल तर नियम, उपकरणं, प्रशिक्षण सगळं उपयोगी पडतं. 'नाही' असेल तर परमिटवरच्या सह्यांनी कोणाचा जीव वाचत नाही.

हॅच कव्हरचंच घ्या. रिस्क असेसमेंट उघडण्याआधी डेकवर जाऊन विचारा: लिव्हरवर कोण होता? त्याला एबीचे हात दिसत होते का? मध्ये इशारे देणारा कोणी होता का, आणि तो एकच होता की दोघं-तिघं एकदम ओरडत होते? क्लीट (झाकण घट्ट धरणारी कडी) अडकली होती म्हणून एबीने हात घातला, तर ती किती दिवसांपासून अडकत होती आणि ते कोणाकोणाला माहीत होतं? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा 'सगळ्यांनाच माहीत होतं' असंच उत्तर मिळतं. आजपासून साधा नियम करा. लिव्हरवरच्या माणसाला प्रत्येकाचे हात दिसत नसतील, तर लिव्हर हलवायचा नाही. चालू करण्याचा इशारा एकाच माणसाचा. थांबण्याचा इशारा मात्र कोणाचाही, अगदी कॅडेटचाही, आणि तो विचारपूस न करता तत्काळ पाळायचा. दुरुस्तीसाठी हात आत घालायचा असेल तर पंप बंद, स्विचला कुलूप आणि पाटी, आणि लाइनमधला दाब शून्यावर आलाय हे गेजवर बघून खात्री. पंप थांबला म्हणजे हायड्रॉलिक लाइनमधला दाब गेला, असं होत नाही.

आता तुमच्या जहाजावर अजून न घडलेल्या गोष्टींकडे येतो, कारण खरी काळजी त्यांचीच आहे. जहाज म्हटलं की लोकांना वादळ, बुडणं, आग आठवते. पण खलाशांचे जीव बऱ्याचदा शांत समुद्रात, धक्क्याला लागलेल्या जहाजावर, नेहमीच्या कामात जातात. त्यातलं सगळ्यात घातक काम म्हणजे बंदिस्त जागेत उतरणं: बॅलास्ट टँक (तोल राखण्यासाठी पाणी भरायची टाकी), कॉफरडॅम (दोन टाक्यांमधली रिकामी जागा), कार्गो होल्ड (मालाचं कोठार), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची खोली), पंपरूम.

इथे माणूस का फसतो ते नीट समजून घ्या आणि तुमच्या क्रूलाही समजावून सांगा. श्वास कोंडल्याची भावना शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या टँकमध्ये माणूस व्यवस्थित श्वास घेत राहतो, त्याला काहीच वेगळं वाटत नाही, आणि दोन-चार श्वासांत तो कोसळू शकतो. गुदमरायला लागलं की वर येऊ, असं म्हणणाऱ्याला तेवढी संधीच मिळत नाही. आणि हा ऑक्सिजन जातो कुठे? गंजण्यात. ओलसर लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. बंद बॅलास्ट टँकमध्ये, चेन लॉकरमध्ये, भंगार लोखंडाच्या होल्डमध्ये हेच चालू असतं. कोळसा ऑक्सिजन खातो. लाकडाचे ओंडके आणि लाकडी पेलेट्स ऑक्सिजन खातातच, शिवाय पेलेट्समधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. तोही होल्डपुरता राहत नाही, शिडीच्या बंद जिन्यात आणि शेजारच्या स्टोअरमध्ये झिरपतो. म्हणून 'मी होल्डमध्ये गेलोच नव्हतो, नुसता जिन्याच्या झाकणातून डोकावलो' यानेही माणसं गेली आहेत.

एक घटना मी प्रत्येक नव्या क्रूला सांगतो. २३ सप्टेंबर २००७ ला उत्तर समुद्रात 'व्हायकिंग आयले' या जहाजावर चेन लॉकरमध्ये नांगराची साखळी आपटून आवाज करत होती. ती बांधायला दोघे गेले. एक आत उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने मदत मागितली आणि सोबत्याला काढायला तोही उतरला, तोही पडला. तिसरा श्वसनयंत्र लावून धावला, पण पाठीवरच्या सिलिंडरसह त्याला त्या तोंडातून आत जाता येईना. मग तो ईईबीडी घालून उतरला. ते उपकरण फक्त धोकादायक हवेतून बाहेर पळण्यासाठी असतं, बचावासाठी नाही. तिघेही गेले. ते जहाज मुळात आणीबाणीत मदतीला धावण्यासाठीच तिथे तैनात होतं. बचावकार्य हाच त्या माणसांचा पेशा होता. त्यांच्या धैर्याबद्दल शंकाच नाही. सोबती समोर पडलेला दिसला की प्रशिक्षण मागे पडतं आणि पाय आपोआप आत वळतात. म्हणूनच तयारी आधी करावी लागते.

तयारी म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०११ च्या शिफारशींत आकडे स्पष्ट आहेत: ऑक्सिजन २१ टक्के, ज्वलनशील वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या १ टक्क्यापेक्षा जास्त नाही, विषारी वायू कामाच्या ठिकाणच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त नाही. १ जुलै २०१६ पासून ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारं हातातलं मीटर जहाजावर असणं सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधनकारक आहे. तुमच्याकडे ते असेलच. पण ते वापरतं कोण आणि कसं, ते बघा. टँकवर नेण्याआधी मोकळ्या हवेत ते ऑक्सिजन २०.९ टक्के (म्हणजे तेच २१) दाखवतं का? नमुन्याची नळी टँकच्या तळापर्यंत पोहोचते का, की मॅनहोलमधून हातभर सोडून आकडा लिहून घेतात? वर, मध्ये, खाली अशा तिन्ही ठिकाणी मोजायला हवं. लांब नळी असेल तर नमुना वर यायला वेळ लागतो, तेवढं थांबायला हवं. आणि वाचन नेहमी ऑक्सिजनपासून सुरू करा. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या सर्वसाधारण सेन्सरला स्वतःला चालण्यासाठी ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसलेल्या टँकमध्ये तो शून्य दाखवेल आणि तुम्हाला वाटेल की टँक साफ आहे.

काम चालू असेपर्यंत ब्लोअर चालू राहिला पाहिजे. तो बंद पडला की सगळे बाहेर. आत गेलेल्या माणसाच्या अंगावर मीटर हवं, कारण गाळ ढवळला किंवा गंज खरवडला की आतली हवा बदलते. आणि मॅनहोलपाशी उभा राहणारा माणूस. परमिटवर त्याचं नाव असतं, पण त्याला बऱ्याचदा 'जरा दोर आणून दे', 'जरा वॉल्व्ह बघून ये' असं पिटाळलं जातं. तसं होता कामा नये. त्याला फक्त तीन कामं: आतल्या माणसांची मोजदाद, ठरलेल्या वेळाने संपर्क, आणि गडबड झाली तर अलार्म. आत जाणं हे त्याचं काम नाही. हे त्याला सगळ्यांसमोर, मोठ्याने, दर वेळी सांगा. १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेतल्या प्रवेशाची आणि बचावाची ड्रिल दर दोन महिन्यांनी सक्तीची आहे. पुढच्या ड्रिलमध्ये एवढंच करा: श्वसनयंत्र पाठीवर लावलेला तुमचा सगळ्यात धिप्पाड माणूस ६०० बाय ४०० मिलीमीटरच्या मॅनहोलमधून आत जाऊ शकतो का ते एखाद्या तपासलेल्या, सुरक्षित टँकवर बघा. मग ऐंशी किलोचा पुतळा स्ट्रेचरवर बांधून दोराने वर काढा. लागलेला वेळ घड्याळावर बघितला की क्रूला ही गोष्ट कोणत्याही पोस्टरपेक्षा जास्त चांगली कळते.

दुसरी जागा म्हणजे मूरिंग, म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधणं. ताणलेला दोर तुटला की तो परत उसळतो आणि त्याच्या वाटेत जे असेल ते कापत जातो. पूर्वी डेकवर पिवळ्या रंगाने धोक्याचे पट्टे रंगवायचे. आता जाणकारांचा कल संपूर्ण मूरिंग डेक धोक्याची जागा धरण्याकडे आहे, आणि मला तेच पटतं. दोर रोलरमधून, बोलार्डवरून वळलेला असतो, तुटल्यावर तो कुठल्या कोनातून येईल हे रंगाची रेघ सांगू शकत नाही. रेघेबाहेर उभा असलेला माणूस मात्र निर्धास्त होतो.

मार्च २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवन इथे 'झार्गा' या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) नेणाऱ्या जहाजावर हाय मॉड्युलस धाग्यांचा हलका, जवळपास न ताणणारा दोर तुटला आणि पुढच्या डेकवरच्या ऑफिसरच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. असा दोर उसळत नाही, अशी समजूत होती. पण त्या दोराला टोकाशी लवचिक टेल, म्हणजे वेगळ्या दोराचा छोटा तुकडा, जोडलेली होती. ताणाची बरीच ऊर्जा त्या टेलमध्ये साठली आणि दोर तुटताच ती मोकळी झाली. तुमच्या जहाजावर असे दोर आणि टेल असतील तर उद्या सकाळी बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) घेऊन हे त्याच्याशी बोला. बाहेरून चांगले दिसणारे असे दोर आतून वळणांच्या जागी थकलेले असू शकतात. १ जानेवारी २०२४ पासून सोलासमध्ये मूरिंगच्या सामानाची तपासणी, देखभाल आणि बाद करण्याचे निकष नोंदवून ठेवणं आलं आहे. प्रत्येक दोराचा दाखला, तो कधी लावला, कधी उलटवला, हे काढून बघा. आणि मूरिंगच्या आधी ऑर्डिनरी सीमनला विचारा, 'हा दोर तुटला तर तू कुठे उभा असशील?' त्याने बोट दाखवलेल्या जागेवरून तुम्हाला बरंच कळेल. कॅडेटला मूरिंग डेकवर 'बघ आणि शिक' म्हणून मोकळं सोडू नका. त्याची जागा ठरवून द्या आणि त्याच्यावर नजर ठेवायला एक माणूस नेमा.

लाइफबोटीचं दुखणं वेगळं. जीव वाचवायच्या साधनानेच सरावात जीव घेतले आहेत. १० फेब्रुवारी २०१३ ला कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा बंदरात 'थॉमसन मॅजेस्टी' या प्रवासी जहाजावर ड्रिल संपवून बोट वर घेताना फॉल वायर, म्हणजे बोट जिच्यावर लटकते ती तार, तुटली. बोट वीस मीटरहून जास्त खाली पडून उलटली. आठांपैकी पाच खलाशी गेले. वायर वरच्या पुलीवर जिथे कायम टेकलेली असायची तिथेच आतून गंजली होती. तिथे हात पोहोचत नाही, म्हणून ग्रीसही पोहोचत नाही. पाच वर्षांनी वायर बदलणं हा नियम आहे, पण ही वायर २०१० मध्येच लावलेली होती. तेव्हा तारखेवर विसंबू नका. पुलीखालचा तुकडा बाहेर यावा म्हणून बोट थोडी खाली घेऊन ती वायर डोळ्यांनी बघा. हुक नीट बसलाय हे दोघांनी वेगवेगळं तपासावं, हुक सुटला तरी बोट पडू नये म्हणून फॉल प्रिव्हेंटर लावावा, आणि पहिली उतरवण-चढवण माणसांशिवाय करावी. बोटीत बसायला एखादा खलाशी कचरत असेल तर त्याच्यावर रागावू नका. त्याला काय दिसलंय ते आधी विचारा.

उंचीवरून पडणं, आग, पायलट लॅडर (बंदराचा वाटाड्या चढतो ती दोराची शिडी) यांवर स्वतंत्रपणे लिहावं लागेल, इथे प्रत्येकी एकच गोष्ट. हार्नेस घातलेला माणूस पडल्यावर लटकत राहतो. त्याला काही मिनिटांत खाली कसं आणणार हे ठरल्याशिवाय त्याला वर चढवू नका. इंजिनरूममधली आग बऱ्याचदा इंधनाचा बारीक फवारा तापलेल्या भागावर उडून लागते. २२० अंश सेल्सिअसच्या वर तापणाऱ्या पृष्ठभागांवर आच्छादन हवं, आणि ओव्हरहॉलनंतर ते परत लावलं का हे सेकंड इंजिनिअरसोबत फिरून बघा. पायलट लॅडरच्या बाबतीत, चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर गँगवेसोबत जोडशिडी लागते. तिची बांधणी पायलट बोट दिसायच्या आधी ऑफिसरने स्वतः हात लावून तपासावी.

आता थकव्याकडे येतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण त्या अपघाताच्या मुळाशी तो असण्याची शक्यता मला मोठी वाटते. हॅच बंद करत होते म्हणजे लोडिंग नुकतंच संपलं असणार. मग त्या एबीने, लिव्हरवरच्या माणसाने आणि तुम्ही स्वतः त्याआधीच्या चोवीस तासांत किती झोप घेतली होती? नियम सगळ्यांना पाठ आहे: २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ७ दिवसांत ७७ तास, विश्रांतीचे जास्तीत जास्त दोन तुकडे आणि त्यांतला एक किमान ६ तासांचा. पण विश्रांतीची नोंद प्रत्यक्ष झोपेवरून होते की नियमात बसेल अशी भरली जाते, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ३ एप्रिल २०१० ला 'शेन नेंग १' हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वॉचवर (जहाज चालवण्याच्या पाळीवर) चीफ मेट, म्हणजे चीफ ऑफिसर, होता. लोडिंग सांभाळून तो थेट वॉचवर आला होता. आधीच्या साडेअडतीस तासांत तो जेमतेम अडीच तास झोपला होता. वळण्याची जागा मागे पडली आणि ते त्याच्या वेळेत लक्षात आलं नाही. ही तुमच्याच हुद्द्यावरच्या माणसाची गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. कॅप्टनला 'मला झोपेची गरज आहे, वॉच बदला' हे तुम्ही स्वतः सांगितलंत, तरच तुमचा एबी तुम्हाला तसं सांगायला धजेल. विश्रांतीची खोटी नोंद एकदाही भरू नका आणि भरू देऊ नका. खरी नोंद नियमात बसत नसेल तर ती तशीच ऑफिसला जाऊ द्या. माणसं कमी आहेत किंवा वेळापत्रक अशक्य आहे, हे किनाऱ्यावरच्या लोकांना कळायचा तोच एक लेखी मार्ग आहे.

रोजच्या कामात बदल कुठून करायचा? टूलबॉक्स मीटिंगपासून, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या छोट्या बैठकीपासून. ती मेसरूममध्ये किंवा शिप ऑफिसात घेऊ नका, कामाच्या जागी उभं राहून घ्या आणि परमिटवर सहीही तिथेच करा. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत तर बाकीचे मान डोलावतील, म्हणून आधी सगळ्यात कनिष्ठ माणसाला बोलायला लावा. 'समजलं का?' असं विचारू नका; त्याला 'हो' हेच एक उत्तर असतं. 'पहिलं काय करणार? तुझा हात कुठे असेल? काय झालं तर थांबायचं?' असं विचारा. मिश्र भाषांच्या क्रूमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, कारण न समजलेलं लपवण्याची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे 'येस सर'. आणि ज्या दिवशी कोणी खरोखर काम थांबवेल, त्या दिवशी त्याचं कारण चुकीचं निघालं तरी सगळ्यांसमोर त्याचे आभार माना. त्या वेळचा तुमचा चेहरा सगळं जहाज बघत असतं. तिथे एकदा वैतागलात, तर पुढचा माणूस गप्प बसेल.

नियर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, रिपोर्टचंही तेच. महिन्याला अमुक इतके पाठवा म्हटलं की 'डेकवर तेल सांडलं होतं, पुसलं' असे रिपोर्ट येतात. आकडा मागू नका. एकच खरा रिपोर्ट घ्या, त्यावर दुसऱ्या दिवशी काहीतरी प्रत्यक्ष करा, आणि काय केलं ते रिपोर्ट देणाऱ्याला सांगा. पाच किंवा जास्त खलाशी असलेल्या जहाजावर सुरक्षा समिती असणं सागरी कामगार करारानुसार आवश्यक आहे. तिच्यात क्रूने निवडलेला प्रतिनिधी बोलतो का, की तुम्ही लिहिलेल्या इतिवृत्तावर नुसती सही करतो, तेही तपासा.

शेवटी कंपनीचा विषय. क्रूने बोलावं आणि कोणी ऐकूच नये, याचा शेवट काय होतो ते ६ मार्च १९८७ ला बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराबाहेर दिसलं. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' हे प्रवासी आणि गाड्या नेणारं जहाज पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघालं आणि काही मिनिटांत उलटलं. १९३ माणसं गेली. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे ब्रिजवर दाखवणारा दिवा बसवा, अशी मागणी कंपनीच्या कॅप्टनांनी आधीच केली होती आणि ती मानली गेली नव्हती. पुढे आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली, आला, १९९८ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला, आणि त्यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या गेल्या: सुरक्षिततेच्या बाबतीत कॅप्टनचा अधिकार सर्वोच्च, आणि किनाऱ्यावर डीपीए म्हणून एक नेमलेली व्यक्ती, जिला कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनाशी थेट बोलता येतं. त्या डीपीएचा नंबर तुमच्या मेसरूममध्ये लावलेला असेल. एखाद्या रात्री तो स्वतः लावून बघा, कोण उचलतं ते कळू द्या. मग पुढच्या सेफ्टी मीटिंगमध्ये क्रूला सांगा की हा नंबर चालू आहे, आणि तिथे फोन करायला माझी किंवा कॅप्टनची परवानगी लागत नाही.